गिरणीमालक खर्चीवाला कसा झाला: वूशी आणि शांघाय

वूशीला जाणारे लोक दोन गोष्टी बघून येतात, ताइहू तळं आणि लिंगशानचा ८८ मीटर उंचीचा बुद्ध. आम्ही बघून आलो पिठाची गिरणी, आणि १९४९ नंतर तिच्या मालकांसारख्या चिनी गिरणीवाल्यांचं कम्युनिस्ट राजवटीत काय झालं ती गोष्ट घेऊन आलो.

याचं श्रेय अण्णांचं. अण्णा इचलकरंजीचे जुने यंत्रमागधारक आणि मी त्यांच्या वह्या बघणारा सीए. शांघायला कापडयंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथं त्यांना रॅपियर मागांचे भाव काढायचे होते. "चिनी माणसापुढं आकडेमोड करायला आपला माणूस पाहिजे," म्हणून त्यांनी मलाही तिकीट काढायला लावलं. प्रदर्शन उरकलं तरी परतीच्या विमानाला अवकाश होता. दुभाषी म्हणून शांघायचीच एक मुलगी ठरवली होती. अण्णांनी तिला विचारलं, "तुमच्याकडचा सगळ्यात नावाजलेला गिरणीवाला कोण?" ती लगेच म्हणाली, "रोंग. पण त्यांचं गाव वूशी." मग काय, निघालो.

बुलेट ट्रेननं वूशी पाऊण तासाच्या आसपास येतं. तिकिटाला पासपोर्ट लागतो आणि स्टेशनात शिरताना विमानतळासारखी तपासणी होते, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघावं. अण्णा जैन, त्यामुळे जेवण सूर्य मावळायच्या आत आणि शक्यतो घरून आणलेलं. गाडीत त्यांनी धपाट्यांचा डबा उघडला. शेजारच्या आजीबाई टक लावून बघत होत्या, अण्णांनी एक धपाटं त्यांच्या हातावर ठेवलं, त्यांनी बदल्यात सूर्यफुलाच्या बियांची पुडी दिली. डबा बंद होईस्तोवर वूशी आलं.

गिरणीचं नाव माओशिन. कालव्याकाठची विटांची जुनी इमारत. रोंग झोंगजिंग आणि रोंग देशेंग या भावांनी १९०० मध्ये उभ्या केलेल्या धंद्याची ही पहिली जागा. १९३७ मध्ये जपानी बाँबहल्ल्यात ती उद्ध्वस्त झाली, युद्धानंतर पुन्हा बांधली आणि आता तिथं चीनच्या खासगी उद्योगधंद्याचं संग्रहालय आहे. दळणाची यंत्रं मजल्यामजल्यांवर जागच्या जागी ठेवली आहेत. गहू वर चढवायचा आणि खाली उतरता उतरता त्याचं पीठ करायचं, अशी रचना. पट्टे, पुल्या आणि वरून खाली येणारे लाकडी नळ बघून अण्णांचे डोळे चमकले. दोरीपलीकडं हात घालून त्यांनी एका पुलीला बोट लावलं, तेलाचा वास घेतला आणि म्हणाले, "अजून फिरंल ही." रखवालदारानं लांबूनच काहीतरी ओरडून सांगितलं. मुलीनं त्याचं भाषांतर केलं नाही, पण करायची गरजही नव्हती.

या भावांचं गणित सरळ होतं, माणसाला खायला पीठ लागतं आणि नेसायला कापड. त्यांनी दोन्ही धरलं. माओशिन आणि फूशिन या नावांच्या पिठाच्या गिरण्या आणि शेनशिन नावाच्या सूतगिरण्या. 'युद्धनौका' छापाचं पीठ सगळीकडं जायचं. चिनी लोक त्यांना पिठाचे राजे आणि सुताचे राजे म्हणायचे. मोठे बंधू झोंगजिंग १९३८ मध्ये हाँगकाँगला वारले. धाकटे देशेंग वूशीलाच चिकटून राहिले.

आता खरा प्रश्न. १९४९ मध्ये कम्युनिस्ट सैन्य येतंय हे दिसत असताना असा माणूस थांबला का? त्यांचे बरेच नातलग हाँगकाँग, अमेरिका, ब्राझील असे पांगले. देशेंग आणि त्यांचा चौथा मुलगा रोंग यीरेन मात्र राहिले. अण्णांना हे काही केल्या पटेना. "आपण तर पहिल्या गाडीनं सुटलो असतो," ते म्हणाले.

पण आधीच्या सरकारनं या घराण्याचं काय केलं ते बघा. १९४६ मध्ये देशेंग यांना भर शांघायमध्ये पळवून नेलं आणि मोठी खंडणी देऊन सोडवावं लागलं. १९४८ मध्ये त्या सरकारचे प्रमुख च्यांग कै-शेक यांचे चिरंजीव च्यांग चिंग-क्वो साठेबाजांना वठणीवर आणायला शांघायला आले. त्या मोहिमेला लोक 'वाघ मारणं' म्हणायचे आणि पकडलेल्या वाघांत झोंगजिंग यांचा मोठा मुलगाही होता. खुद्द यीरेन यांच्यावर सैन्याला खराब पीठ पुरवल्याचा खटला भरला होता. वर महागाई अशी की सकाळी विकलेल्या मालाच्या पैशात संध्याकाळी तेवढाच माल येत नसे. अशा सरकारसाठी परदेशात जाऊन नव्यानं दुकान कोण मांडणार? आणि नवे राज्यकर्ते तर म्हणत होते, राष्ट्रीय भांडवलदार, म्हणजे देशी कारखानदार-व्यापारी, आमचा मित्र आहे. चीनच्या झेंड्यावर मोठ्या ताऱ्याभोवती चार छोटे तारे आहेत ना, त्याचा तेव्हाचा अर्थ कामगार, शेतकरी, छोटे मध्यमवर्गीय आणि राष्ट्रीय भांडवलदार असा लावला जाई. तो झेंडा रेखाटणारा झेंग लिआनसोंगही शांघायमध्ये नोकरी करणारा माणूस होता. व्यापाऱ्याला देशाच्या झेंड्यावर तारा मिळाला, हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला अजून वेळेवर सबसिडी मिळंना."

तो तारा तीन वर्षंही धड टिकला नाही.

वूशीहून संध्याकाळी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी नानजिंग रोड पायी पालथा घातला. आपल्या लक्ष्मी रोडला दिवाळीत असते तशी गर्दी इथं रोजच. या रस्त्यावर एकेकाळी चार मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स होती, चारही कँटोनी व्यापाऱ्यांची. सगळ्यात प्रसिद्ध विंग ऑन, १९१८ चं. मे १९४९ मध्ये कम्युनिस्ट सैन्य शहरात शिरलं तेव्हा नानजिंग रोडवर पहिला लाल झेंडा विंग ऑनच्याच माथ्यावर लागला. दुकान तेच, पण पुढं नाव गेलं, दहा क्रमांकाचं सरकारी दुकान झालं, पुन्हा नाव बदललं आणि २००५ मध्ये जुनं नाव परत आलं. आत अत्तरं आणि घड्याळं होती, भाव बघून आम्ही दोघंही काचेपासून दोन पावलं मागं उभे राहिलो.

चौघांतलं दुसरं दुकान सन सन. त्या इमारतीत आता खाद्यपदार्थांचं भलंमोठं सरकारी दुकान आहे. खालच्या मजल्यावर पांढऱ्या सशाच्या गोळ्यांचे ढीगच्या ढीग. ही दुधाची गोळी चीनमधल्या दोन-तीन पिढ्यांचं बालपण आहे. बाहेरचा कागद काढला की आत तांदळाच्या पिठाचा पारदर्शक पापुद्रा असतो, तो काढायचा नसतो, तोंडातच विरघळतो. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं, हिच्यात जिलेटिन असतं. मुलीनं पुडक्यावरचा मजकूर वाचून सांगितलं तेव्हा अण्णांनी हातातली गोळी तशीच माझ्या खिशात टाकली.

पुडक्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं, ग्वानशेंगयुआन. ही गोळी मुळात दुसऱ्याच एका कारखान्याची, नंतर सरकारी जोडाजोडीत ती या नावाखाली आली. पण नाव ज्याच्यावरून पडलं तो माणूस होता शियान ग्वानशेंग. मूळचा ग्वांगडाँगकडचा. पोरवयात शांघायला आला, नाटकगृहाच्या दारात मुरवलेली आलुबुखारं विकायचा. त्यातून मिठाई, बिस्किटं, मूनकेक असा पसारा वाढला आणि देशभर शाखा झाल्या. एप्रिल १९५२ मध्ये त्याच्याच कामगारांनी त्याला कंपनीत घेरलं होतं. गुन्हे कबूल कर, पैसे भर. तो इमारतीवरून उडी मारून मेला.

हे ज्या मोहिमेत घडलं तिचं नाव पंचविरोधी मोहीम. आधी १९५१ च्या अखेरीस त्रिविरोधी मोहीम निघाली होती, सरकारी अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार, उधळपट्टी आणि लालफितीचा कारभार यांच्याविरुद्ध. लाच घेणारा सापडला की देणारा कोण हे विचारणं ओघानं आलंच. जानेवारी १९५२ पासून मोर्चा व्यापाऱ्यांकडं वळला. पाच गुन्हे ठरले: लाच देणं, कर चुकवणं, सरकारी मालमत्ता लाटणं, सरकारी कंत्राटात लबाडी करणं आणि सरकारची आर्थिक माहिती चोरणं. पहिल्या चार गुन्ह्यांना निदान वहीत माग तरी असतो. पाचव्याला नाही. भाव चढणार याची कुणकुण लागून कुणी चार गाठी जास्त घेऊन ठेवल्या असतील तर तोही माहितीचोर.

व्यापारी धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या बघितल्यावर तसं म्हणवतही नाही. शांघायच्या एका औषधविक्रेत्यावर, वांग कांगनियान त्याचं नाव, अधिकाऱ्यांना सर्रास लाच चारल्याचा आणि कोरियातल्या सैनिकांसाठी निकृष्ट औषधं दिल्याचा आरोप झाला. तो प्रकार देशभर गाजवला गेला आणि पुढं त्याला देहदंड झाला. चीन १९५० च्या ऑक्टोबरपासून कोरियाच्या युद्धात उतरलेला, पैशाची चणचण, आणि जखमी जवानाच्या पट्टीत कुजका कापूस ही बातमी. कुणाचं रक्त उसळणार नाही?

मला अडतं ते दुसरीकडं. सगळ्या व्यापाऱ्यांचे पाच वर्ग पाडायचे होते: कायदा पाळणारे, बहुतांशी पाळणारे, अर्धवट पाळणारे, गंभीरपणे मोडणारे आणि पूर्णपणे मोडणारे. माओंनी ५ मार्च १९५२ च्या निर्देशात प्रत्येक वर्गाचा वाटाही अंदाजानं देऊन टाकला, साधारण १०, ६०, २५, ४ आणि १ टक्का. दुकानांच्या तपासण्या अजून चालूच होत्या. म्हणजे आधी ताळेबंद, मग खतावणी. असं आमच्याकडं कुणी केलं तर त्याचं सर्टिफिकेट जातं. शंभरातला एक पूर्ण गुन्हेगार निघणार हे वरून आल्यावर खालचा कार्यकर्ता तो एक शोधणारच, आणि उगाच कमी पडायला नको म्हणून दोन शोधणार.

शोधायची पद्धतही अशी की वहीची गरज कमीच पडावी. दुकानातले नोकर, कारकून, गिरणीतले कामगार यांची पथकं केली. मालकाच्या दारासमोर कर्णे लावले. तक्रारी टाकायला पेट्या ठेवल्या. मालकानं स्वतःच आपल्या गुन्ह्यांची रक्कम लिहून द्यायची. दिली की उत्तर यायचं, अपुरी आहे, पुन्हा लिहा. बायको-मुलांना शिकवून घरात पाठवायचे, बाबा, सगळं सांगून टाका. आकडा वाढत जायचा, कारण तो कितीला थांबणार हे मालकाच्या हातात नव्हतं. मोठ्या मालकांना इथंही 'वाघ' म्हणत. चारच वर्षांपूर्वी च्यांगच्या पोरानं मारलेले वाघ ते हेच.

त्या महिन्यांत उंच इमारतींवरून उड्या टाकणाऱ्यांना शांघायकरांनी 'पॅराशूटवाले' असं नाव ठेवलं होतं म्हणतात. लोक मोठ्या इमारतींच्या कडेनं चालायचं टाळत. नदी इतकी जवळ असताना इमारत का, याचंही कारण सांगतात. प्रेत वाहून गेलं तर माणूस हाँगकाँगला पळाला असं समजून घरच्यांना छळतील. मुलगी हे सांगत होती तेव्हा आम्ही विंग ऑनच्या खालीच उभे होतो. अण्णांनी नकळत वर बघितलं.

नानजिंग रोड सरळ नदीकडं जातो आणि 'बंड' म्हणतात त्या नदीकाठच्या रस्त्यावर संपतो. तिथं समोरच चेन यी यांचा पुतळा आहे, १९४९ नंतरचे शांघायचे महापौर. डाव्या हाताला हिरव्या टोकदार छपराचं पीस हॉटेल, म्हणजे सर व्हिक्टर ससून यांचं १९२९ चं ससून हाउस. हे तेच ससून घराणं, मुंबईची ससून गोदी आणि पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या नावानं आहे. मुंबईहून अफू आणि कापूस इथं यायचा, त्या पैशावर या किनाऱ्यावरच्या बऱ्याच भिंती उभ्या आहेत. परदेशी मालकांना हाकलायला मोहिमेचीही गरज पडली नाही. कर, कामगारांच्या मागण्या आणि बाहेर जाण्याच्या परवान्यांची अडवणूक एवढ्यावर ते जागा सोडून गेले. ज्यांना जायला दुसरा देश नव्हता त्यांचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

फेब्रुवारीत शांघायमध्ये मोहीम हाताबाहेर गेली. बाजार थंडावला, कारखान्यांना काम नाही, कराचं उत्पन्न घसरलं. मग बीजिंगहून अर्थमंत्री बो यीबो यांना पाठवलं आणि त्यांनी चेन यींच्या जोडीनं मार्चच्या अखेरीस ती नव्यानं, जरा आवळून सुरू केली. शांघायमधले ३०३ बडे उद्योगपती वेगळे काढले. त्यांना कामगारांपुढं न नेता एकमेकांपुढं बसवलं. एकानं आपली चूक सांगायची, बाकीच्यांनी ती पुरेशी आहे की नाही ते ठरवायचं. ऐकायला सभ्य वाटतं. पण ज्याला धंद्यातली खाचाखोच माहीत आहे तोच समोर बसलेला असतो, आणि त्यालाही आपला वर्ग सुधारून घ्यायचा असतो.

रोंग यीरेन यांना कुठल्या वर्गात घालायचं? बो यीबोंनी नंतर आठवणींत लिहून ठेवलंय की त्यांचा आणि चेन यींचा विचार 'बहुतांशी कायदा पाळणारे' असा होता. माओंकडं विषय गेला तेव्हा त्यांनी सांगितलं, इतका हात आखडता कशाला, पूर्ण कायदा पाळणाऱ्यांत घाला. देशातल्या सगळ्यात मोठ्या गिरणीवाल्याचं असेसमेंट अशा रीतीनं पूर्ण झालं. मलाही एखाद्या अशिलासाठी असा अधिकारी मिळाला तर बरं होईल, पण इथं गंमत बाजूला ठेवू. रोंग हा नमुन्याचा माणूस होता. तो खूश आहे हे दिसलं की हाँगकाँगमध्ये गेलेले परत येतील आणि राहिलेले निमूट राहतील.

सगळ्यांच्या वाट्याला असं नशीब आलं नाही. बंडच्या कठड्याला टेकून मी अण्णांना लू झुओफू यांची गोष्ट सांगितली. ती शांघायची नाही, यांगत्से नदीवर खूप वरच्या चोंगचिंगची आहे. मिनशेंग नावाची त्यांची बोटकंपनी. १९३८ मध्ये जपानी फौजा येत असताना यीचांगला अडकलेली माणसं आणि कारखान्यांची यंत्रं त्यांच्या बोटींनी यांगत्सेच्या घळ्यांतून सिच्वानमध्ये सुखरूप नेली. ते १९५० मध्ये हाँगकाँगहून आपणहून परत आले, बोटीही आणल्या. ८ फेब्रुवारी १९५२ ला कंपनीतल्या सभेत त्यांच्याच माणसानं त्यांच्यावर आरोप केले. त्या रात्री त्यांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या. मागं ठेवलेल्या निरोपात बायकोला सांगितलं होतं, घरातलं फर्निचर कंपनीकडून उसनं आणलेलं आहे, ते परत करा.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाच्या घरात खुर्च्या उसन्या? मग त्यानं खाल्लं काय?"

रात्री हॉटेलवर त्यांनी खरा मुद्दा काढला. "साहेब, ५२ ला दंड केला म्हणता. गिरण्या तर सरकारनं ५६ ला ताब्यात घेतल्या. मधली चार वर्षं काय चाललं होतं?"

हे मात्र इचलकरंजीच्या माणसाला समजवायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आपल्याकडं खर्चीवाला कोण असतो? माग त्याचे, जागा त्याची, वीजबिल त्याच्या नावावर. पण सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, याच्या हातात फक्त मजुरी. भाव व्यापारी ठरवणार, माल कधी उचलायचा तेही तोच. चीनमध्ये १९५१ पासून सूत सरकारच विकत घेत होतं, कापूसही सरकारच देत होतं. त्यात १९५२ चा दंड आला. ज्यांनी मोठमोठे आकडे कबूल केले होते त्यांचं खेळतं भांडवल त्यात गेलं. कर्ज हवं तर बँक सरकारची. ऑर्डर हवी तर तीही सरकारची. जून १९५२ च्या सुमाराला मोहीम आवरली, दंड थोडेफार कमी केले, हप्ते बांधून दिले. पण मालक आपल्याच गिरणीत खर्चीवाला झाला होता. वर कामगारांनी त्याला कर्ण्यावरून शिव्या घातलेल्या, बायकोपुढं मान खाली घालायला लावलेली. फोरमनला "हे असं कर" म्हणायची सोय राहिली नव्हती. गिरणी कागदावर चार वर्षं जास्त राहिली इतकंच.

"मग खर्चीवाला गिरणी कशाला सांभाळंल," अण्णा म्हणाले. "देऊन टाकंल."

तसंच झालं. १० जानेवारी १९५६ ला माओ शांघायला रोंग यांच्या शेनशिन नंबर नऊ गिरणीत आले. १५ जानेवारीला बीजिंगमधला, २० जानेवारीला शांघायमधला सगळा खासगी उद्योग 'सरकारी-खासगी भागीदारीत' गेल्याचं जाहीर झालं. ढोल, झांजा, फटाके, लाल कागदावर आनंदाची बातमी लिहून मालकांच्या मिरवणुका. त्या फोटोंत मालकांचे चेहरे हसरे आहेत. दुसरा चेहरा करून फोटो काढायची हिंमत कुणाची होती?

या भागीदारीचा हिशेब मात्र मी रस घेऊन वाचलाय. मालकानं आपल्या मालमत्तेची किंमत स्वतःच लावून द्यायची. जन्मभर कर वाचवायला किंमत कमी दाखवली असेल, आता भीतीनं कमी दाखवली. जास्त लावली तर पुन्हा भांडवलदार म्हणून डोळ्यावर यायचं. देशभरातली खासगी भागाची रक्कम २४० कोटी युआनच्या घरात आली, जवळपास निम्मी एकट्या शांघायची. त्यावर वर्षाला ५ टक्के ठरीव व्याज, धंदा नफ्यात असो वा तोट्यात. घेणारे ११ लाखांवर होते, आणि त्यातल्या बहुतेकांना मिळणारी रक्कम महिन्याच्या किराण्यालाही पुरणारी नव्हती. सात वर्षं द्यायचं ठरलं, मग मुदत वाढली आणि १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर बंद पडलं. मुद्दल परत द्यायचा विषयच नव्हता. पण ती ५ टक्क्यांची चिठ्ठी घेतली म्हणजे तुम्ही भांडवलदार, हा शिक्का मात्र घरादारावर बसला. १९६६ मध्ये लाल रक्षक, म्हणजे माओंच्या नावानं रस्त्यावर उतरलेली विद्यार्थ्यांची पथकं, कपाटं फोडायला आली ती याच शिक्क्याच्या आधारानं.

मुलीनं शेवटच्या दिवशी सहज सांगितलं, तिच्या आईच्या आजोबांचं मोजे विणायचं छोटं दुकान होतं. हातानं फिरवायची यंत्रं, घरचीच माणसं. १९५६ मध्ये तेही भागीदारीत गेले आणि भांडवलदार ठरले. तिच्या आजीला त्यापायी हवं ते शिक्षण घेता आलं नाही. १९७९ मध्ये सरकारनं फेरतपासणी केली. ज्या ८,६०,००० लोकांवर शिक्का होता त्यांतले ७,००,००० छोटे दुकानदार, फेरीवाले, कारागीर होते, म्हणजे कष्टकरीच, असं सरकारनंच मान्य केलं. एंट्री रिव्हर्स करायला २३ वर्षं लागली.

आता शेवटची जागा. शांशी रोडच्या उत्तर भागात रोंग झोंगजिंग यांचा वाडा आहे. इटलीच्या प्राडा कंपनीनं सहा वर्षं खपून तो दुरुस्त केला आणि २०१७ मध्ये उघडला. आता तिथं कलाप्रदर्शनं भरतात. नाचघराच्या छताला रंगीत काचा जडवलेल्या आहेत. दुपारचं ऊन त्यातून खाली येतं तेव्हा लाकडी जमिनीवर लाल-हिरवे चौकोन पडतात. बाथरूमच्या फरशाही एकेक सुटी करून, धुऊन, बसवल्यासारख्या दिसतात. अण्णांना चित्रं कळली नाहीत, मलाही नाही. आम्ही दोघं दारांच्या बिजागऱ्या बघत बसलो.

यीरेन यांचं पुढं काय झालं? १९५७ मध्ये ते शांघायचे उपमहापौर झाले, मग वस्त्रोद्योगाचे उपमंत्री. सांस्कृतिक क्रांतीत लाल रक्षकांचा मार खाल्ला. १७ जानेवारी १९७९ ला चीनचे तेव्हाचे नेते डेंग झिआओपिंग यांनी पाच म्हाताऱ्या उद्योगपतींना बोलावून घेतलं, त्यात हे होते. दुपारी सगळ्यांनी मिळून हॉटपॉट खाल्लं. डेंग यांचं म्हणणं असं की, देशाला पैसा खेळता करायचाय, धंदा कळणारी माणसं तुम्हीच उरलाय, कामाला लागा. त्याच वर्षी यीरेन यांनी सिटिक ही सरकारी गुंतवणूक कंपनी उभी केली. १९९३ मध्ये ते चीनचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. २००५ मध्ये वारले तेव्हा सरकारी बातमीतून उघड झालं की १९८५ पासून ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते.

"म्हणजे शेवटी त्यांनी गिरणी घेतली, मालकही घेतला," अण्णा म्हणाले, आणि मला मागांच्या कोटेशनमधला वाहतुकीचा खर्च पुन्हा तपासायला लावला. त्यात खरंच चूक होती, त्यांच्या बाजूची.

जाणाऱ्यांसाठी: रोंग यांचा वाडा प्रदर्शन चालू असेल तेव्हाच उघडा असतो, त्यामुळे आधी चौकशी करून तारीख धरा. वूशीच्या गिरणीला अर्धा दिवस पुरतो. उरलेला वेळ मेईयुआन या रोंग यांच्याच आलुबुखाराच्या बागेत घालवा. १९१२ मध्ये त्यांनी लावलेली ही बाग १९५५ मध्ये सरकारला दिली. झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. पैसे बहुतेक ठिकाणी मोबाइलवरच दिले जातात, तेव्हा अलीपे भारतातूनच सुरू करून जा. आणि धपाटी भरपूर न्या, ती टिकतात.